मोटारीची खांदशेकणी

नागपंचमीच्या दिवशी मालकांनी ओसरीवर बसल्या बसल्या सांगून टाकलं की यंदाच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली मोटार जाईल, बैलजोडी तिच्या मागून. सांगितलं ते दिवाणजीला, मला नाही. मी तिथेच अंगणात रेंगीच्या चाकाला वंगण देत होतो. मला कोणी विचारलं नाही, माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही, आणि दिवाणजी म्हातारा मान डोलावत "वा जी, वा!" करत होता. मला वाटलं, उठावं आणि वंगणाचा डबा त्याच्या टोपीवर उपडा करावा.

मी मालकांचा गाडीवान. आमचं गाव सौंदडपासून फार लांब नाही. चहूकडे धानाच्या बांध्या, मध्ये मोठा तलाव, आणि गावाच्या कडेला मालकांची धान कुटायची मिल. गाव मालगुजारीचं, म्हणून मालगुजारांना सगळे मालकच म्हणत. माझा बाप त्यांच्या वडलांचा गाडीवान होता. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्या भांडवलावर हे लिहून राहिलो आहे, तेव्हा कोणी चुका काढत बसू नये. गोष्ट लढाई सुरू व्हायच्या आधीची, पेट्रोल अजून सुखाने मिळायचं तेव्हाची.

आमच्याकडे पोळा आखरावर भरतो. आखर म्हणजे गावाबाहेरचं मैदान, जिथे सकाळी गुरं गोळा होतात. तिथे दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, गावातल्या सगळ्या जोड्या अलीकडे रांगेत उभ्या राहतात, मालक पूजा करतात, आणि मग मालकांची जोडी पहिली तोरणाखालून जाते. ती गेल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा बैल पाय उचलत नाही. त्या जोडीचा कासरा माझ्या हातात असे. वर्षभर मी कोण, तर हाकणारा. पण त्या दिवशी सगळं गाव माझ्या मागून चालायचं. माझी बायको बायकांत पुढे उभी राहायची, माझा साळा मुद्दाम त्याच्या गावाहून यायचा. तेवढं एक माझं होतं हो! बाकी रेंगी मालकांची, बैल मालकांचे, अंगावरचं धोतरही त्यांनीच दिलेलं. आणि तेवढंही आता त्या डबड्याला द्यायचं?

मोटार आली त्याच्या आधीचं सांगतो. मालकांना कुठे जायचं झालं, सौंदडच्या स्टेशनवर म्हणा, केशोरीला पाहुण्यांकडे म्हणा, की मी रेंगी जुंपायचो. रेंगी म्हणजे माणसांसाठीची हलकी गाडी, मागे एकदोघं बसतील एवढीच. मालक मागे गादीवर बसायचे आणि माझ्या पाठीशी बोलायचे. तलावाला पाणी किती आहे, गुडघा कसा दुखतो, मुलीच्या सासरचे कसे आखडू लोक आहेत. घरात जे बोलत नसत ते बोलायचे. मी नुसतं "हो जी" म्हणायचो. पण त्या "हो जी" म्हणण्यावर माझं पोट भरायचं. मी कधी त्यातला एक शब्द बाहेर काढला नाही, आणि मी काढणार नाही हे त्यांना माहीत होतं.

मग ती आली. सायीच्या रंगाची, लांब नाकाची, नागपुराहून. तिच्याबरोबर तिचा डायव्हर आला, तोही नागपूरचा. मालक मोटारीत मागे बसले असते तर एक वेळ मी सोसलं असतं. पण नाही. ते बसले पुढे, त्याच्या शेजारी, मांडीला मांडी लावून! काच खाली करून दोघं बोलत जायचे. मी तलावाच्या पाळीवरून बैल आणत असलो की मोटार धूळ उडवत जायची आणि त्या धुळीत मला मालकांचं हसू ऐकू यायचं. माझ्या रेंगीत मालक हसल्याचं मला आठवत नाही. बोलायचे, पण हसायचे नाहीत. त्या माणसाने असं काय सांगितलं असेल की मालकांना हसू यावं, याचा विचार करत मी कितीतरी वेळा बैलांना चुकीच्या धुऱ्याने, भलत्याच बांधावरून घातलं.

डायव्हर वाईट असता तर बरं झालं असतं. मला शिव्या देता आल्या असत्या. तो चांगला होता, हेच माझ्या जिवावर आलं होतं. बारीक, उंच, खाकी कोट, अर्धं हिंदी अर्धं मराठी. मला "गाडीवानदादा" म्हणायचा. बैलांच्या पाठीवर थाप मारून "क्या जोडी है!" म्हणायचा. मी तोंड फिरवायचो. माझी बायको म्हणायची, "काऊन असं करता? तो बिचारा बोलून राहिला ना चांगला." तो बिचारा! माझ्या घरात, माझ्या भाकरीपाशी बसून हिच्या तोंडी तो बिचारा!

आमच्या भागातलं ऊन आणि पाऊस मोटारीला मानवले नाहीत. वर्षभरात तिच्या अंगावरची कळा गेली. हात फिरवला की बोटांना पिठासारखं पांढरं लागायचं. डायव्हर रोज फडक्याने पुसायचा, मेण लावून घासघास घासायचा, दंड दुखून आले की मांडीवर हात टाकून बसायचा. ते पाहायला मला बरं वाटायचं. मग एक दिवस त्याने मालकांना सांगितलं की हा रंग मेलेला नाही, वरची साल तेवढी मेली आहे. ती हाताने निघणार नाही, त्याला विजेवर चालणारी मशीन लागते. नागपूरच्या मोटारीच्या दुकानात त्याने ती चालवली होती. झालं! मालकांनी मशीन मागवली. मी रेंगीसाठी नव्या गादीचं म्हणत होतो, ते केव्हापासून नुसतं "पाहू" वर होतं.

मशीन आली ती लाकडी पेटीत, गवतात गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखी. लोखंडी, जड, दोन बाजूंना दोन मुठी, आणि तोंडाशी एक गोल तवा. त्या तव्यावर मेंढीच्या लोकरीची टोपी चढवायची आणि दोरीने आवळायची. गावात वीज नव्हती, पण मिलमध्ये तेलाचं इंजिन होतं आणि त्याला जोडलेला डायनामो, त्यावर मिलमधले दिवे लागायचे. म्हणून मोटार मिलच्या छपरीत उभी केली. इंजिन सुरू झालं, डायव्हरने बटन दाबलं, आणि ती मशीन अशी काही घुमली की कोंबड्या मिलच्या कौलावर जाऊन बसल्या.

अख्खा गाव जमला होता. मी लांब पिंपळाखाली उभा राहिलो, पण दिसत होतं सगळं. त्याने आधी बोटभर मसाला, म्हणजे डब्यातला खरबरीत मलम, पत्र्यावर चार ठिकाणी टेकवला. मग मशीनची टोपी त्यावर ठेवली आणि मग बटन. "आधी टेकवायची, मग चालू करायची, नाहीतर मसाला सगळा तुमच्या तोंडावर," असं तो लोकांना सांगत होता. मशीन एका जागी ठेवायची नाही. सरकत राहायची, आडवी, मग उभी, जशी बाई अंगण सारवते तशी. मशीन दाबायची नाही, तिच्या वजनानेच काम होतं. आणि जिथे पत्र्याला कंगोरा आहे तिथे तर टेकवायचीच नाही, कारण कंगोऱ्यावर रंग पातळ बसलेला असतो. "किनार छोड़ दो, किनार को हाथ से," असं तो पुन्हा पुन्हा म्हणे. मग फडक्याने मसाला पुसला. आणि खालून जो रंग निघाला...

खोटं कशाला बोलू? जिवावर आलं तरी सांगतो, सुरेख निघाला. ताज्या लोण्यावर पाणी असावं तसा. मोटारीच्या दारावर पिंपळ दिसायला लागला, पिंपळाखाली मी दिसायला लागलो. त्या दारात मी एवढासा होतो आणि माझं तोंड आंबट होतं. बायका पुढे होऊन तोंडं पाहत होत्या आणि हसत होत्या. त्यांत माझी बायको होती. ती पदर सारखा करून वाकून त्या दारात पाहत होती आणि डायव्हर बाजूला होऊन तिला जागा देत होता.

घरी आल्यावर मी म्हणालो, "कायले गेली होतीस तिथं?"

"सारं गाव गेलतं. मी काय उठून परगावी गेली का?"

"तुह्या घरी आरसा नाही?"

"हाये ना. फुटका हाये. तुमीच फोडला." आणि ती चुलीकडे वळून हसली. तिला माझं दुखणं कळत होतं आणि त्याची मजाही वाटत होती. मी जेवलो नाही. तिने आग्रहही केला नाही.

मग मीही हट्टाला पेटलो. मोटार चमकते काय? बघतो. पोळ्याला अजून अवकाश होता तरी मी जोडीची शिंगं धरली. आधी काचेच्या तुकड्याने खरवडली, मग वीटकरीची पूड, मग जवसाचं तेल, मग नुसता तळहात. दिवसभराचं काम झालं की गोठ्यात बसायचो आणि घासायचो. बैलही कंटाळले. पण शिंगं अशी काळीभोर झाली की त्यांत माझी बोटं दिसायची. मालक मिलकडे जाताना गोठ्यावरूनच जात. एकदा ते थांबले. माझा हात तिथल्या तिथे थांबला. म्हणाले, "डायव्हर दिसला का बे?"

"नाही जी."

"अस्सं," म्हणून ते पुढे गेले. शिंगांकडे नजरही गेली नाही. मी तेलाचं बोळकं भिंतीवर फेकून मारलं. उजवा बैल दचकला, म्हणून मग त्याचीच मान खाजवत बसलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जुवाखाली घासलेले खांदे कोमट पाण्याने धुवायचे, गरम तुपात हळद कालवून पळसाच्या पानाने चोळायचे, आणि बैलाला आमंत्रण द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. त्या दिवशी डायव्हरने सकाळपासून सगळी मोटार मशीनने घासून काढली होती. आता फक्त वरून मेणाचा हात द्यायचा राहिला होता, आणि मेणाचं पार्सल सौंदडच्या स्टेशनवर येऊन पडलं होतं. ते आणायला तो दुपारी सायकलवर गेला. जाताना मला म्हणाला, "गाडीवानदादा, जरा नजर रखना, कोणी हात लावू नये. अभी अंग उघडं आहे तिचं." मी पाठ करून गोठ्याकडे वळलो. तिचं अंग उघडं का झाकलेलं, मला काय करायचं होतं!

मी गोठ्यात माझ्या जोडीचे खांदे शेकत होतो तेवढ्यात मालकीणबाई आल्या. मोठ्या मनाची बाई. सणवार, देवधर्म सगळं त्यांच्या हातचं, आणि त्यांचा शब्द मालकही मोडत नसत. हातात पितळेची वाटी, वाटीत कोमट तूप आणि हळद. म्हणाल्या, "इकडचं झालं का? मंग चाल मिलमंदी. मोटारीले बी आवतन द्या लागते."

"मोटारीले, बाई?"

"मंग! उद्या तोरणाखालून जाऊन राहिली ना ती पहिली? बिन आवतनाची कशी जाईन? वर्षभर वाहते ते बी जनावरच."

मी म्हणालो नाही की डायव्हरने हात लावू नका म्हणून सांगितलं आहे. मालकीणबाईंना हात लावू नका म्हणायचं मी? त्या मालकीण. आणि हळदीने कुणाचं वाईट होतं हे आमच्या गावात कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. नवरीला लावतो, बैलाला लावतो, देवाला लावतो. मी मुकाट त्यांच्या मागून गेलो. पहिला मान गेला तो गेला, आता माझ्या बैलांचं तूप-हळदही तिलाच?

मालकीणबाईंनी मोटारीभोवती एक फेरी मारली. पुढच्या चाकांवरचे ते दोन फुगीर पत्रे, ते खांदे ठरले. मधला लांब कंगोरा, नाकापासून काचेपर्यंत गेलेला, तो पाठीचा कणा. "कण्यावर बी लाव," त्या म्हणाल्या. मी पळसाचं पान बुडवलं आणि चोळलं. बैलाचा खांदा गरम तूप लागलं की थरथरतो, बैल मान खाली घालतो, श्वास सोडतो. हे लोखंड ढिम्म! माझे हात तेच, तूप तेच, आणि पुढे असं मख्ख. मालकीणबाईंनी हात जोडून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मलाही म्हणायला लावलं. मी म्हटलं, पण दातांतून.

डायव्हर दिवेलागणीला आला. सायकलवरून उतरला, छपरीत शिरला, आणि एकदम ओरडला, "हे भगवान! ये किसने किया?" मी गोठ्यातून धावलो. तो फडकं घेऊन पुसत होता. तूप निघालं. पिवळा डाग राहिला. रॉकेल लावून पुसलं, पिवळा तसाच. दोन्ही खांद्यांवर आणि सगळ्या कण्यावर, पानाचे ओरखडे सुद्धा दिसत होते. तो कपाळाला हात लावून म्हणाला की मेण आधी बसलं असतं तर हे सगळं वरच्या वर पुसून निघालं असतं. पण नुकतं घासलेलं कोरं अंग, त्याने हळद पिऊन टाकली.

मालक आले. मी म्हटलं, आता माझी खाल निघते. पण मालकीणबाई मागोमाग आल्या आणि म्हणाल्या, "म्या सांगतलं याले. सणाच्या दिवशी तोंड वाईट करू नका. चार दिस उन्हात राहू द्या, हळद आपोआप उडून जाते. लुगड्यावरची नाही का जात?"

"चार दिसानं काय पुन्हा पोळा भरते?" मालक म्हणाले. मग डायव्हरकडे वळून, हळू आवाजात, "सकाळी मशीन चालव. उद्या तोरणापाशी मले ती कोरी पाहिजे." मला ते एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असते तरी चाललं असतं. रागावण्याइतकंही मी त्यांच्या नजरेत नव्हतो.

पोळ्याच्या सकाळी मिल बंद असते. कधी उघडत नाही. त्या दिवशी मालकांनी इंजिन सुरू करवलं, एका मोटारीसाठी. माझी वेळ बैल तलावावर नेऊन धुवायची, झुली घालायची, शिंगांना हिंगूळ लावायची. मी निघालो तर मालकांनी हाक मारली. "तू इथंच थांब. वायर धर. रंगाले लागली नाही पाहिजे." म्हणजे डायव्हर मशीन फिरवणार आणि मी त्याच्या मागे मागे वायर उचलून फिरायचं, जशी नवरीच्या मागे करवली! बैल माझ्या साळ्याने धुवायला नेले. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वायर हातात घेऊन उभा होतो आणि मला वाटलं, धरणी फाटेल तर बरं.

डायव्हरने खांद्यांवरून सुरुवात केली. मसाला टेकवला, मशीन टेकवली, बटन. मी वायर धरून इकडून तिकडे. लोकरीची टोपी पिवळी होत गेली, मग दुसरी टोपी चढवली. डावा खांदा निघाला. उजवा निघाला. डायव्हरचा घाम मसाल्यात पडत होता. मालक बाजूला उभे होते आणि प्रत्येक वेळी फडकं फिरवलं की "वा!" म्हणत होते. दिवाणजीसारखेच. मला एवढं वाईट वाटलं की काय सांगू. ज्यांना मी नेहमी रुबाबात पाहिलं ते मालक एका नोकराच्या हाताकडे असे आशेने पाहत होते.

राहिला कणा. डायव्हरने तिथे मशीन बंद केली आणि हाताने घासायला लागला. घासला, घासला. पिवळा थोडा फिका झाला, पण होताच. मोटारीच्या नाकावर मधोमध, कोणालाही दिसेल असा. आखरावर ढोल सुरू झाले होते. डायव्हर म्हणाला, "मालिक, इतना रहने दो. यापेक्षा जास्त नको."

"मशीन लाव."

"किनार है मालिक. रंग पातळ आहे इथं. मशीनने निघून जाईल."

"आन इकडे," मालक म्हणाले आणि त्यांनी मशीन त्याच्या हातातून घेतली.

मी वायर धरून मागे होतो. मला सगळं दिसलं. मालकांनी मशीन कण्यावर टेकवली आणि बटन दाबलं. ती उड्या मारायला लागली, कारण तवा सपाट आणि कणा टोकदार. उडू नये म्हणून त्यांनी दाबली. सगळ्या अंगाचा भार देऊन दाबली. डायव्हर "मालिक, मालिक" करत होता. काहीतरी करपल्याचा वास आला. टोपीवर पिवळ्याऐवजी सायीचा रंग उतरायला लागला, मग विटेचा तांबडा. डायव्हरने हात मारून बटन बंद केलं. मशीन घुमत घुमत थांबली. कण्यावर तळहाताएवढ्या जागेत सायीचा रंग नव्हताच. खालचं तांबडं अस्तर उघडं पडलं होतं, आणि मध्ये एक रेघ नुसत्या पत्र्याची.

मला आनंद झाला. अगदी मनापासून झाला. बरं झालं, बरं झालं, असं आतल्या आत म्हणत मी वायर गुंडाळायला लागलो. आता ही कशाची जाते तोरणाखालून! नाक सोललेली मोटार घेऊन मालक चारचौघांत जाणार नाहीत, हे मला माहीत होतं. पहिली माझी जोडी जाणार. मला घाई झाली होती. साळ्याने झुली नीट घातल्या असतील का, हिंगूळ लावला असेल का, हेच डोक्यात.

मग मी मालकांकडे पाहिलं. ते धानाच्या पोत्यावर बसले होते. डायव्हर त्यांच्याजवळ खाली, उकिडवा. त्याने एकदाही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं. मशीनची टोपी सोडून त्यातले रंगाचे कण बोटांनी वेचत होता. मालक त्याला म्हणाले, "माह्या हातानं झालं बे." डायव्हर म्हणाला, "होता है मालिक. मुझसे भी हुआ था पहिल्या वेळी." मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हात तसाच राहू दिला. एवढी वर्षं मी त्यांना वाहून नेलं. मुलगी सासरी गेली त्या दिवशी रेंगीत ते रडले होते, माझ्या पाठीमागे. तेव्हाही त्यांचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला नाही. माझा आनंद तिथल्या तिथे गेला. मला त्यांच्या त्या दुःखाचाही हेवा वाटला, कारण त्यात दोघंच होते आणि मी वायर गुंडाळत होतो.

ढोल वाढले. आखरावरून माणूस बोलवायला आला, सगळ्या जोड्या उभ्या आहेत म्हणून. मी पुढे झालो.

"मालक, मंग जोडी पहिली नेऊ ना जी?"

ते डायव्हरच्या हातातल्या टोपीकडे पाहत होते.

"मालक, पूजेले चालता ना? जोडी पहिली..."

"ने ना पहिली. नाहीतर शेवटी ने. मले कायले विचारून राहिला?" आणि ते डायव्हरला विचारायला लागले की नागपुरात हा रंग पुन्हा जुळवून मिळेल का, आणि त्यासाठी मोटार सौंदडहून रेल्वेवर चढवता येईल का.

मी आखरावर गेलो. साळ्याने झुली चांगल्या घातल्या होत्या. मालकांच्या धाकट्या भावाने पूजा केली, घाईघाईने, कारण त्यालाही मोटार काय झाली ते पाहायचं होतं. माझी बायको पुढे उभी होती, नव्या लुगड्यात. कासरा माझ्या हातात आला. लोकांनी आरोळी दिली आणि जोडी निघाली. मी चालत होतो, पण मान वळवून मिलकडे पाहत होतो, मालक बाहेर येतात का म्हणून. छपरीच्या दारात कोणी नव्हतं. मग मागून लोकांचा गलका वाढला, दुसऱ्या जोड्या धावायला लागल्या, साळा ओरडून काहीतरी म्हणाला, आणि मी समोर पाहिलं. तोरण केव्हाच मागे पडलं होतं.